डोकं उडालेली चौदा गाणी

१२ जानेवारी

रेडिओसमोर मांडी घालून, बोटं अवघडवून, डोकं उडालेली गाणी पाठ करत मोठ्या झालेल्या भावंडांनो,

अशी भावंडं जगात आपण दोघंच. म्हणजे सभेला शंभर टक्के हजेरी आहे असं धरून मी उभी राहते. आपली तक्रार जुनी आहे आणि न्याय्य आहे. चौदा गाणी आपण जिवापाड जपली आणि त्यातलं एकही आपल्याला पहिल्या ओळीपासून मिळालं नाही.

बारक्या, इतिहास पुन्हा सांगते, कारण तू माझं ऐकणं बंद केल्याला नऊ वर्षं झाली. टेपरेकॉर्डर शेजारच्या शिंपीकाकांचा, रविवारी सकाळी दोन तास उसना. माइक रेडिओच्या तोंडाशी उशीवर ठेवलेला. रेकॉर्ड करायला दोन कळा एकदम दाबाव्या लागायच्या, लाल आणि काळी, आणि दोन्ही अशा ताठ की लाल तुझ्या दोन्ही अंगठ्यांनी आणि काळी माझ्या. खूण करायचा अधिकार माझा. माझा हट्ट होता की टेपवर निवेदकाचा एक शब्दही नको. तो थांबला असं वाटलं तरी मी थांबायची, कारण मेला वाद्यांवर पुन्हा काहीतरी बोलायचा. गायकानं तोंड उघडलं की मगच माझी खात्री पटायची, मी मान हलवायची, आणि कळा खाली जाईपर्यंत पहिली ओळ गेलेली असायची. तू दर वेळी म्हणायचास, "बोलू दे ना त्याला, ताई. गाणं तरी पुरं येईल." मी ऐकलं नाही. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि तू बारा, आणि त्या वयात चार वर्षं म्हणजे फार मोठं बहुमत असतं.

आता कारण सांगते. माझ्या घशातली गाठ काढली. साधी निघाली, आईनं तुला फोनवर सांगितलं असेलच. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, "सहा आठवडे एक शब्द नाही. कुजबूजसुद्धा नाही, ती जास्त वाईट." मी पाटीवर लिहून विचारलं, सभेत दोन शब्द? त्या म्हणाल्या, "तुमचे दोन शब्द मी डेपोच्या फाटकावर ऐकलेत. पाऊण तास चालले होते."

तेव्हा सध्या घरात असं आहे: मी बोलू शकत नाही, आईला धड ऐकू येत नाही. मी पाटीवर लिहिते, तिला चष्मा सापडत नाही. चष्मा सापडेपर्यंत माझा मुद्दा शिळा होतो. तिला हे फार आवडलंय. काल म्हणाली, "चाळीस वर्षं लोकांना ऐकवलंस. आता जरा बस आणि ऐक."

म्हणून कपाटावरची टेप काढली. तीच, निळ्या शाईनं एक ते चौदा आकडे लिहिलेली. नावं लिहिता आली नाहीत, कारण गाण्याचं नाव पहिल्या ओळीवरून पडतं आणि ती आपल्याकडे नव्हती. तुला आपली नावं आठवतात? दुसरं "रडकं". चौथं "कुकर", कारण मध्येच कुकरची शिट्टी येते. पाचवं "बाबांचं", दुसऱ्या कडव्यात ते खोकतात आणि मग "चालू द्या, चालू द्या" म्हणतात. सातवं "शीळ".

मी ठरवलंय की या चौदा गाण्यांची नीट एक मालिका करायची. सातव्यापाशी अडले आहे. तिथं फीत कुरतडली गेली आहे, जेमतेम अर्धा मिनिट उरलंय. तुला ते गाणं येत होतं. एवढंच विचारायचं होतं.

डेपोच्या संपाबद्दल मी काही लिहीत नाही. माझी भूमिका होती तीच आहे.

ताई


२६ जानेवारी

बारक्या,

उत्तर आलं नाही. त्याचा मला राग नाही. मी आयुष्यभर व्यवस्थापनाला पत्रं लिहिली आहेत, मला सवय आहे.

ही हकीकत मात्र तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. बसस्टँडामागे एक रेकॉर्डिंगवाला आहे, जुन्या फितींतलं सगळं संगणकावर उतरवून देतो. जाडजूड माणूस, कानात सदानकदा इअरफोनची बोंडं. मी टेप दिली, पाटीवर लिहिलं, चौदा गाणी, जपून. त्यानं पहिलं गाणं लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "ताई, यात गाणं कमी आणि तुमचं घर जास्त आहे."

मी लिहिलं, घरच हवंय.

"मग गाणी कशाला शोधायची? हेच ठेवा."

लिहिलं, पहिल्या ओळी हव्यात.

त्याला कळेना. मी दोन पाट्या भरून समजावलं. मूळ ध्वनिमुद्रणातून फक्त पहिली ओळ घ्यायची, स्वच्छ, आणि तिच्या शेपटाला आपली टेप जोडायची, खरखरीसकट, खोकल्यासकट. तो म्हणाला, "म्हणजे नवी टोपी आणि खाली जुना माणूस?" मी मान हलवली. "लोक माझ्याकडे खरखर काढायला येतात, ताई. पैसे देऊन खरखर ठेवून घेणाऱ्या तुम्ही पहिल्या."

पण माणूस हाडाचा कारागीर निघाला. चाल ऐकून ऐकून त्यानं तेरा गाणी ओळखली. गेले दहा दिवस मी रोज सकाळी अकराला त्याच्या दुकानातल्या लाकडी स्टुलावर बसते, तो एकेक पहिली ओळ लावतो, आणि मी वयाच्या साठाव्या वर्षी, पाठ असलेली गाणी पहिल्यांदा ऐकते. बारक्या, इतकं निर्मळ सुख मला कुठल्या मोर्चानं दिलं नाही. जिंकलेल्यानंसुद्धा नाही.

"रडकं" ऐक. "तुला परक्याच्या हाती देऊन मी कसा घरी जाऊ", इथून आपलं सुरू व्हायचं आणि आई पोळपाट बाजूला ठेवून डोळे पुसायची. बाप मुलीला निरोप देतोय असं तिचं म्हणणं. तू म्हणायचास प्रियकर आहे. मी म्हणायची, हा गुलामांच्या बाजाराचा निषेध आहे. आता पहिली ओळ मिळाली: "होडके माझे, रंग तुझा उडाला." होडी विकतोय तो. म्हातारा झालाय, वल्ही ओढवत नाहीत, होडी विकतोय.

आईला चष्मा लावायला लावून पाटी दाखवली. तिनं दोनदा वाचलं. "होडीसाठी रडत होते मी?" मग बराच वेळ भाजी निवडत राहिली आणि म्हणाली, "असू दे. होडी पण कुणाची तरी असतेच."

तर पहिली ओळ नसली की माणूस हवं ते धरून चालतो आणि पुढचं सगळं त्या मापानं शिवतो. आपण तिघांनी तीन गाणी ऐकली आणि चौथं खरं होतं.

तू म्हणशील, ताई आता यावरून कुठं जाते ते मला ठाऊक आहे. नाही जात. संप मागण्या मिळेपर्यंत ठरला होता आणि एकोणतिसाव्या दिवशी तू मेकॅनिकच्या हत्यारांची पेटी घेऊन डेपोच्या मागच्या फाटकानं आत कामावर गेलास, हे घडलं. दोन दिवसांनी मी फाटकसभेत तुझा उल्लेख केला, हेही घडलं. संघटनेच्या चिटणिसाला सख्ख्या भावासाठी वेगळा नियम लावता येत नाही. जगभरच्या चळवळींचा इतिहास मी वाचला आहे. जिथं जिथं नेत्यानं आपल्या माणसाला झाकलं तिथं तिथं चळवळ बुडाली.

हे लिहिताना घसा दुखत नाही, हा पत्राचा फायदा. आणि मध्येच कुणी टाळ्या वाजवत नाही, हा तोटा.

सातवं अजून सापडलेलं नाही. रेकॉर्डिंगवाला म्हणतो, अर्ध्या मिनिटावर ओळखायला तो पोलीस नाही. मला गुणगुणायची बंदी. आईनं गुणगुणून दाखवलं, तर तो म्हणाला, "आजी, हे वेगळंच गाणं झालं, पण चांगलं झालं."

ताई


९ फेब्रुवारी

बारक्या,

आलं. काल दुपारी आलं.

पंपाच्या कंपनीच्या दिनदर्शिकेचं फाडलेलं पान, मागच्या कोऱ्या बाजूला लाल बॉलपेननं लिहिलेलं. वर "ताई" नाही, खाली सही नाही, खुशाली नाही. नुसत्या दुरुस्त्या. मी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग आईसमोर धरलं.

"चौथ्यात कुकर नाही. समोरच्या कारखान्याचा भोंगा. आपल्याकडे तेव्हा कुकर नव्हता."

आईनं वाचलं आणि चष्मा खाली ठेवला. "त्याचं बरोबर आहे. कुकर तू कंडक्टर म्हणून लागलीस तेव्हा पहिल्या पगारात आणलास. त्याआधी पातेल्यात शिजायचं सगळं." मी चव्वेचाळीस वर्षं एका गाण्याला कुकर म्हणत आले आणि तू चव्वेचाळीस वर्षं ते खपवून घेतलंस.

"पाच आणि नऊ यांची अदलाबदल. बाबांचा खोकला नवव्यात. पाचव्यातला खोकला शिंपीकाकांचा, टेप न्यायला आले होते." तपासलं. खरंय. आवाज एकसारखे, पण बाबा "द्या" म्हणायचे आणि शिंपीकाका "द्या हो". मी बाबा समजून शिंपीकाकांसाठी डोळे पुसत होते. आई हसून हसून खोकायला लागली. आता तिला आपण कुठल्या नंबरात घालायचं?

"अकरावं पुसट नाही, तू माइकवर हात ठेवला होतास."

आणि मग सातवं. "दुकान आज हे बंद ठेवुनी भटकायाला निघालो मी." अख्खी ओळ.

मी तशीच चपला घालून रेकॉर्डिंगवाल्याकडे गेले. तो डबा उघडून जेवायला बसला होता. मी पान त्याच्या डब्यासमोर धरलं. त्यानं वाचलं, हात पुसले आणि तीन मिनिटांत गाणं काढलं. बारक्या, ते आनंदाचं गाणं आहे. आपल्याकडे उरलेला तुकडा होता "मागुन कोणी हाका मारी, आता ऐकू येत नसे", आणि मी वर्षानुवर्षं तो घर सोडून गेलेल्या माणसाचा समजत आले. अलीकडे तर जास्तच. तो साधा दुकानदार आहे, सुट्टी घेऊन नदीकाठी निघालाय, आणि हाका मारणारं गिऱ्हाईक आहे. शीळ घालतोय कारण त्याचा दिवस मोकळा आहे. मी ते चार वेळा लावायला लावलं. रेकॉर्डिंगवाल्याचं जेवण गार झालं, पण चौथ्या वेळी तोही शीळ घालत होता.

तुझ्या पानाच्या तळाशी एक वाक्य होतं. ते मी आईला दाखवलं नाही, बोटाखाली झाकून धरलं. "मला सगळ्या पहिल्या ओळी येतात. मी ऐकायचो. तू खूण कधी करायची या विचारात असायचीस."

चौदाच्या चौदा तुला येत होत्या. कधी सांगितल्या नाहीस, किंवा सांगितल्या असशील आणि मी बोलत असेन. यातलं दुसरंच खरं असणार.

चौदाही आता पुरी झाली. जोड जिथं आहे तिथं आवाज एकदम म्हातारा होतो, लख्ख ओळीनंतर खरखर सुरू होते, आणि खरखर सुरू झाली की मला घरी आल्यासारखं वाटतं. मी फार सुखात आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिते. कुणावर ओरडता येत नाही तर कुणावर ओरडावंसंही वाटत नाही. फक्त एक गोष्ट मला टोचते आहे. ती आज लिहीत नाही. आज तुझं पान आलंय.

ताई


२३ फेब्रुवारी

बारक्या,

डॉक्टरीणबाईंनी आज तोंड उघडायची परवानगी दिली. दिवसाला दहा मिनिटं, हळू. घरी येऊन आईला म्हटलं, "चहा टाकू का?" तिनं मान वर करून बघितलं. "आवाज बसका झाला गं तुझा. बरा वाटतो. माणसाचा वाटतो."

सोबत पाकिटात छोटी चकती आहे, तिच्यावर चौदाही गाणी आहेत, तू दिलेल्या क्रमानं. ऐक किंवा नको ऐकूस, ती तुझी आहे.

आता जे टोचत होतं ते. दोन पत्रांत मी तुला सांगितलं की संपाबद्दलची माझी भूमिका तीच आहे. दुसऱ्या पत्रात मी काय घडलं ते ओळीनं लिहिलं: तू आत गेलास, मी नाव घेतलं. त्या गोष्टीची पहिली ओळ मी लिहिली नव्हती. लिहिते.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी तू घरी आला होतास. आई वाटाणे सोलत होती. तू म्हणालास, "ताई, हे संपलंय. तुला माहीत आहे. लोकांना सांगून टाक, मानानं आत जाऊ दे." मी तुला भेकड म्हटलं. तू पेटी उचलून गेलास.

तू म्हणालास ते मला माहीत होतं. एकतिसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता मी आणि अध्यक्ष कामगार कार्यालयात गेलो आणि तडजोडीच्या मसुद्यावर सह्या केल्या. जिच्याविरुद्ध संप होता ती दुबार पाळी तशीच राहिली, तीन मागण्या सुटल्या, दोन पदरात पडल्या. वाईट तडजोड नव्हती. पण एकतीस दिवस मी ज्या फाटकावर "एकही मागणी सोडणार नाही" म्हणत होते त्या फाटकावर चारशे माणसं उभी होती आणि त्यांना मला सांगायचं होतं की सोडल्या. ते विचारणार होते, का. मसुदा माझ्या पिशवीत होता, बारक्या. पिशवी खांद्याला होती. संध्याकाळी पाच वाजता मी ड्रमवर चढले आणि मसुद्याऐवजी तुझं नाव काढलं. म्हटलं, आपली एकजूट आतून फोडली गेली आणि फोडणारा माझ्या घरातला आहे, मी त्याला भाऊ म्हणत नाही. किती टाळ्या पडल्या ते तू कुंपणाच्या आतून ऐकलंस. मी तशी टाळी आयुष्यात दुसऱ्यांदा मिळवली नाही. दोन दिवसांनी तडजोड जाहीर केली तेव्हा कुणी मला का म्हणून विचारलं नाही. का ते सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

पुढचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. कॅन्टीनमध्ये तुझ्या बाकावर कुणी बसेना. तुझी पेटी कुणीतरी गाड्या धुण्याच्या खड्ड्यात टाकली. तीन महिन्यांनी तू राजीनामा दिलास आणि दुसऱ्या गावी पंप दुरुस्त करू लागलास. दर रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी बाल्कनीत कपडे वाळत घालायला जाते. नऊ वर्षांत मी कोरडे कपडेसुद्धा वाळत घातले आहेत.

आईला परवा सगळं लिहून दाखवलं. चार पाट्या झाल्या. प्रत्येक पाटी वाचून ती पुसायची आणि पुढची मागायची. शेवटची वाचून म्हणाली, "मला वाटलंच होतं. तू त्या दिवशी जेवली नव्हतीस." मी लिहिलं, मग बोलली का नाहीस? "तू कुठं कुणाला बोलू देत होतीस." मग म्हणाली, "मला काय दाखवतेस. ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना दाखव."

तिचं म्हणणं मला पटलं. माफी मी इथं पत्रात मागते, पण पत्रातली माफी स्वस्त आहे. नाव मी चारशे माणसांसमोर घेतलं होतं.

डेपो नव्या जागी जातोय. येत्या रविवारी, सकाळी साडेदहाला, जुन्या डेपोच्या कॅन्टीनमध्ये आजी-माजी सगळे जमणार आहेत. मला बोलायला सांगितलंय. लोकांना वाटतंय मी जुन्या लढ्यांचं बोलेन. मी कामगार कार्यालयाचं, पिशवीचं आणि तुझं बोलणार आहे. मसुद्याची सही-तारखेची प्रत जपून ठेवली होती, ती भिंतीला लावणार आहे. कुणी शिव्या घातल्या तर त्या माझ्या आहेत, मी घरी नेईन.

भीती एकच वाटते. मी पट्टीची वक्ता आहे. टाळी कुठं पडते ते माझ्या जिभेला माझ्याआधी कळतं. दहा मिनिटांत कुठंतरी मी स्वतःला जरा बरी करून सांगेन, एखादी तारीख इकडची तिकडे सरकवेन, आणि समोर बसलेल्या कुणालाच ते कळणार नाही. तुला कळेल.

म्हणून रविवारी ये. मला माफ करायला येऊ नकोस, ते तुझ्या सवडीनं कर किंवा करू नकोस. पहिल्या बाकावर बस, माझ्या समोर, आणि मी एक शब्द जरी गाळला तरी उभा राहून मला थांबव.

ताई